मुलगी माहेरीच राहते तेव्हा : ख्मेर समाजातल्या बायकांचं जुनं आणि बदलतं स्थान

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कंबोडियात बाजार बायका चालवतात, घरातला पैसा बायकोच्या हाती असतो, लग्नानंतर नवरा तिच्याकडे राहायला येतो. मग त्याच देशात ‘नवऱ्याला उलट बोलू नकोस’ असं शिकवणारं काव्य मुलींकडून पिढ्यान्‌पिढ्या पाठ कसं करून घेतलं गेलं? आणि कपड्यांचे कारखाने आल्यावर यात खरंच काही पालटलं का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना छेद देत नाहीत. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या बहुसंख्य समाजातल्या, बाईच्या कामावर फारशी बंधनं कधीच नव्हती. बंधनं होती ती तिच्या बोलण्यावर, अंधार पडल्यावर बाहेर असण्यावर आणि घरापासून लांब जाण्यावर. कमावणं, साठवणं, घासाघीस करणं तिच्याकडे. पद, मान आणि चारचौघांत घराच्या वतीने बोलणं पुरुषाकडे. तिला जे बळ होतं ते कायद्यातून आलेलं नव्हतं, धर्मातून तर नाहीच. ते आलं होतं लग्नानंतरही आईच्या हाकेच्या अंतरावर राहण्यातून. म्हणून ‘स्थान उंचावलं की घसरलं’ असं मोजत बसण्यापेक्षा या एका गोष्टीचं गेल्या पन्नास वर्षांत काय झालं ते पाहावं.

आधी घराची रचना. ख्मेर नातेव्यवस्थेत आईकडची आणि बापाकडची नाती सारख्याच वजनाची. आपल्यासारखं गोत्र नाही, कुळाचा वंश नाही. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, आडनावही बदलत नाही. जोडपं बहुधा मुलीच्या आईवडिलांकडे काही वर्षं राहतं आणि मग त्याच आवारात किंवा जवळच्या तुकड्यावर खांबांवरचं वेगळं घर बांधतं. हा नियम नव्हे, कल आहे. मुलाकडे जमीन जास्त असेल तर बिऱ्हाड तिकडे जातं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आपल्या ‘घरजावई’ शब्दाला जी बोचरी धार आहे ती तिथे मुळीच नाही. जमिनीची वाटणी मुलगे आणि मुली यांच्यात सारखी करायची रीत आहे. ती बापाच्या मृत्यूनंतर होत नाही, एकेकाचं लग्न होईल तशी होते. शेवटी आईबापांजवळ जो राहतो त्याला राहतं घर मिळतं, आणि तो ‘जो’ बहुतेकदा धाकटी मुलगी असते.

या रचनेचे परिणाम अगदी रोजचे आहेत. नवऱ्याने हात उगारला तर सासू, मेहुण्या आणि मावश्या भिंतीपलीकडेच असतात, आणि भिंत म्हणजे बांबूची किंवा ताडाच्या पानांची. लग्न मोडलं तर बहुतेक वेळा निघून जायचं त्याने. घर जिच्या जमिनीवर उभं आहे ती जागच्या जागी राहते. मूल सांभाळायला तिची आई आहेच. ही व्यवस्था स्त्रीवादी विचारातून आलेली नाही, पण बाईला तिच्यात टेकू मिळतो.

लग्नातला पैसाही मुलाकडून मुलीकडे वाहतो. मध्यस्थ बोलणी करतो, सुपारीची तबकं जातात, रक्कम ठरते. तिचा एक भाग ‘आईच्या दुधाचं मोल’ म्हणून मुलीच्या आईला देतात. उरलेल्यातून जेवणावळ, मांडव, वाद्यं, वधूचे भाड्याचे पोशाख आणि दागिने. आज हा आकडा काही हजार डॉलरांत जातो. याला ‘उलटा हुंडा’ म्हणणं चूक आणि ‘मुलीची विक्री’ म्हणणं त्याहून चूक. रकमेचा मोठा वाटा समारंभातच खर्च होतो. पाहुण्यांनी पाकिटातून दिलेले पैसे त्याच रात्री नावानिशी वहीत लिहून ठेवतात, कारण पुढे त्यांच्या घरच्या लग्नात तेवढी परतफेड करायची असते. पाहुणे कमी आले तर तूट कर्जाने भरून निघते. पूर्वी तीन दिवस चालणारं लग्न आता एका दिवसात, फार तर दीड दिवसात उरकतं. सकाळी फळांच्या जोडताटांची मिरवणूक, मग केस कापण्याचा विधी, विवाहित जोडप्यांनी दिवे एकमेकांच्या हाती देत वधूवरांभोवती फिरवणं, मनगटाला लाल दोरे बांधणं. आणि एक विधी आपल्या वाचकांनी मुद्दाम पाहावा असा: वर वधूच्या खांद्यावरच्या शेल्याचं टोक धरून तिच्या मागोमाग चालतो. भारताकडून आलेला राजपुत्र प्रेआह थोंग नागकन्येच्या शेल्याला धरून पाण्याखाली तिच्या राज्यात गेला, त्या कथेचा हा प्रयोग. जुन्या शिलालेखांत हीच जोडी कौंडिण्य आणि सोमा या नावांनी येते. बाहेरून येतो तो पुरुष, भूमी तिची.

याच देवघेवीत एक गाठ दडलेली आहे. रक्कम किती यावी हे मुलीच्या ‘नावावर’ ठरतं. ‘पुरुष सोनं, बाई कापड’ ही म्हण प्रत्येक ख्मेर माणसाला ठाऊक असते: सोनं चिखलात पडलं तरी धुऊन लखलखतं, पांढऱ्या कापडावरचा डाग जात नाही. मुलगी रात्री बाहेर दिसली, एकटी शहरात राहिली, तर नुकसान फक्त अब्रूचं होत नाही. बोलणीच्या वेळी आईच्या हातातला पत्ताही जातो. म्हणून मुलींवर सर्वात कडक पहारा बहुतेक घरांत आईचाच असतो, बापाचा नव्हे.

आता ते काव्य. ‘छबाप स्रेई’ म्हणजे स्त्रियांसाठीची आचारसंहिता. सासरी, दूरच्या राज्यात जाणाऱ्या मुलीला आई उपदेश करते, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकातले त्याचे पाठ प्रसिद्ध आहेत. पुरुषांसाठीची संहिताही आहे, पण ती इतकी कुणाच्या तोंडी नसते. स्त्रियांच्या संहितेत आवाज न करता चालणं, नवऱ्याआधी उठणं, त्याच्या रागाला उत्तर न देणं हे तर आहेच. पण काटकसर, धान्याचा हिशेब, भांडीकुंडी जपणं यांवरही कितीतरी ओळी आहेत. गृहिणी म्हणजे खजिनदार, हे त्यात गृहीतच धरलंय. महिला व्यवहार मंत्रालयाने २००७ मध्ये हे काव्य शाळेतून काढायची मागणी केली. त्यानंतर काही ओळी गळल्या, पण काटछाट केलेला पाठ माध्यमिक शाळेत राहिलाच.

या काव्याचा जोर वर्गात फारसा जाणवत नाही, गावच्या कचेरीत जाणवतो. घरातला विस्तव बाहेर नेऊ नये आणि बाहेरचा आत आणू नये, अशी त्यातली शिकवण आहे, आणि मार खाल्लेली बाई तक्रार घेऊन आली की हीच ओळ तिला ऐकवली जाते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला. किरकोळ प्रकारांत, दोघांची संमती असेल तर, तो समेटाला वाव देतो. अडचण तिथेच आहे, कारण ‘किरकोळ’ किती हे ठरवणारा कम्यूनचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, प्रमुख तिच्या नवऱ्याला लहानपणापासून ओळखत असतो. नवरा ‘पुन्हा करणार नाही’ अशा कागदावर अंगठा उमटवतो, कागद फायलीत जातो, बाई घरी जाते. पुढच्या वेळी नवा कागद होतो; जुना कुणी काढून पाहत नाही. या कामात असलेल्यांनी पहिल्या कागदाची प्रत तिच्याकडे राहील एवढी काळजी घेतली तरी पुढच्या खेपेला फरक पडतो. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते ६४ वयाच्या बायकांपैकी पाचातल्या एकीने जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं होतं.

पैशाबद्दल मात्र परंपरा अगदी वेगळी आणि फार जुनी. १२९६-९७ मध्ये तेव्हाच्या राजधानीत, अंगकोरला, राहून गेलेला चिनी दूतमंडळातला चोउ ताग्वान लिहून ठेवतो की इथला व्यापार बायकाच करतात. बाजार पहाटे सहाच्या सुमारास भरतो आणि दुपारी उठतो, दुकानं नाहीत, जमिनीवर चटई पसरून बसायचं, प्रत्येकीची जागा ठरलेली आणि तिचं भाडं अधिकाऱ्याला द्यायचं. इथे येणारा चिनी व्यापारी आधी स्थानिक बाईशी घरोबा करतो, कारण खरेदी-विक्री तिच्याशिवाय जमत नाही, असंही तो सांगतो. बायोन मंदिराच्या भिंतींवर तोल लावून बसलेल्या बायका कोरलेल्या आहेतच. नॉम पेनच्या ओरुसेई बाजारात आज गेलात तर भाजी, मासळी, प्राहोक (आंबवलेल्या माशांचा गोळा), कापड, सोनं, डॉलर-रिएलची अदलाबदल, सगळ्या गल्ल्यांवर बायकाच दिसतील. दरबारी स्त्रियांची उदाहरणं लोक मोठ्या हौसेने देतात: सातवा जयवर्मन याची राणी इंद्रदेवी हिने अंगकोरमधल्या फिमेआनाकास मंदिराचा संस्कृत शिलालेख रचला, ती विदुषी होती, भिक्षुणींना शिकवत होती. खरं आहे. पण एका राणीवरून गावातल्या बाईचा अंदाज बांधू नये. त्यासाठी चटईवर बसलेली मासळीवाली जास्त उपयोगी.

नवरा कमाई बायकोच्या हाती देतो, ती त्याला खर्चाला देते, हे चित्रही बहुतेक घरांत खरं आहे. नवख्या अभ्यासकाची फसगत नेमकी इथे होते. पैसा *सांभाळणं* आणि पैशाबद्दल *ठरवणं* वेगळं. मीठ-मिरची, शाळेचा खर्च, लग्नकार्याचं पाकीट ती एकटी ठरवते. मोटरसायकल, जमीन, बैल किंवा पॉवर टिलर, मोठं कर्ज हे दोघांचं, आणि पटलं नाही तर बरेचदा त्याचं. शिवाय सांभाळणारीची एक जबाबदारी अशी की तूट आली तर ती तिची. तांदूळ संपला, पोर आजारी पडलं, तर हात पसरायचा तिने. शेजारी, बहीण, मग तोंतिन. ही आपली लिलावाची भिशीच: चालवणारी पहिली उचल घेते, पुढे दर महिन्याला जी जास्त व्याज बोलेल तिला रक्कम. लवकर उचलून पळणारी एखादी निघाली की चालवणारीने पदरचे भरायचे, आणि तिला ते जमलं नाही की सगळी साखळी तुटते.

लघुवित्त संस्थांनी या जुन्या सवयीवरच आपली इमारत उभी केली. कर्जदार बाई, कारण फेडायची चिंता तिलाच. तारण म्हणून जमिनीचा कागद. २००२ पासूनच्या पद्धतशीर जमीननोंदणीत बहुतांश दाखले नवरा-बायको दोघांच्या नावे निघाले, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळेच कर्जाच्या कागदावर तिचा अंगठा अनिवार्य झाला. २०१७ मध्ये वार्षिक व्याजाला १८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. लहान कर्ज देणं परवडेनासं झालं, म्हणून संस्थांनी रकमा मोठ्या केल्या आणि शुल्कं जोडली. शेतीच्या मिळकतीवर ते हप्ते भागत नाहीत. मग थोरली मुलगी कारखान्यात जाते. हप्त्याची तारीख आणि तिच्या पगाराची तारीख जुळवून घेतलेली घरं शेकड्यांनी सापडतील.

त्याआधी १९७५ ते १९७९. ख्मेर रूजच्या कट्टर साम्यवादी राजवटीत आईजवळच्या घराचा हा टेकूच उखडला गेला. कुटुंबं तोडून वयानुसार आणि लिंगानुसार कामाच्या तुकड्या केल्या, चुली बंद करून सामुदायिक जेवण लावलं, बायकांचे केस कानापर्यंत कापले, काळे कपडे दिले. ‘अंगकार’ने, म्हणजे ‘संघटने’च्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाने, ठरवलेली जोडपी एकाच वेळी, कधी कधी डझनांनी, लग्नाला उभी केली गेली, आईबाप नाहीत, भिक्खू नाहीत, शेला नाही. आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ च्या निकालात या सक्तीच्या विवाहांना आणि त्यांतल्या बलात्काराला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं. २०२२ मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की यांतली कित्येक जोडपी पुढे एकत्र राहिली, त्यांची मुलं झाली. मुलाखत घेताना ‘तुमचं लग्न सक्तीचं होतं का?’ असं थेट, आणि नातवंडांसमोर, विचारणं म्हणजे दार बंद करून घेणं.

१९७९ नंतर गावोगाव विधवा होत्या. दहा-पंधरा कुटुंबांच्या ‘क्रोम सामाकी’ गटांत जमीन, बैल, अवजारं एकत्र. रोपं लावणं हे बायकांचं आणि नांगर पुरुषाचा, ही जुनी वाटणी पुरुषच नसल्यामुळे मोडली. बायकांनी नांगर धरला. पुढे गट विरघळून खासगी शेती आली तसा वारंगुळा परत आला, पण विषम दराने: नांगराच्या एका दिवसाच्या बदल्यात विधवेला लावणीचे एकाहून जास्त दिवस द्यावे लागत. या काळाला कुणी ‘बायकांची मुक्ती’ म्हणतं तेव्हा मला पटत नाही. काम अंगावर पडलं, अधिकार आला नाही. नव्वदच्या दशकात पुरुषांची नवी पिढी उभी राहिली आणि गावप्रमुख, पाण्याची समिती, पॅगोडाची समिती, सगळ्या खुर्च्या निमूटपणे पुरुषांकडे गेल्या. १९९८ च्या जनगणनेतही सुमारे चौथा हिस्सा घरांची प्रमुख बाई होती, तरीही.

शेतीत अलीकडे आणखी एक बदल झालाय, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही. लावणीऐवजी बी फेकून पेरायचं आणि कापणी यंत्राने करायची. बी कितीतरी जास्त लागतं, तणनाशक लागतं, पण हेक्टरमागे लावणीचे जे पंचवीस-तीस माणूसदिवस लागायचे ते वाचतात. हे दिवस प्रामुख्याने बायकांचे होते, मजुरीचेही आणि वारंगुळ्याचेही. यंत्र आणि फवारा पुरुषांच्या हाती. म्हणजे मुली कारखान्यात गेल्या म्हणून शेती बदलली, तसंच शेती बदलली म्हणूनही मुली गेल्या.

कारखान्यांवर मात्र थांबायला हवं. अमेरिकेशी १९९९ मध्ये कापड करार झाल्यावर हा उद्योग फोफावला. कामगारांत दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त बायका. मालकांना ‘नाजूक बोटं, गरीब स्वभाव’ हवा होता, हे नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. दुसरं अर्धं घरात आहे. आईबापांचं ऋण मुलगा एका वर्षावासापुरतं चीवर घेऊनही फेडू शकतो. ते पुण्य आईच्या खात्यात जमा होतं. मुलीला भिक्खू होता येत नाही. उतारवयात, बहुधा विधवा झाल्यावर, डोकं भादरून पांढऱ्या वस्त्रांत अष्टशील पाळणारी ‘डोन ची’ होता येतं, पण ती उपसंपदा, म्हणजे भिक्खूसारखी पूर्ण दीक्षा, नव्हे. तरुण मुलीकडे ऋण फेडायला उरतो तो पैसा. म्हणून एकाच घरातला भाऊ आणि बहीण शहरात कमावत असले तर नियमाने पैसे पाठवणारी बहुधा बहीण निघते.

तिचा पगार कसा बनतो ते आकड्यांत पाहा. किमान वेतन १९९७ मध्ये महिना ४० डॉलर होतं, २०१३ मध्ये ८०. जानेवारी २०१४ च्या संपात वेंग स्रेंग रस्त्यावर गोळीबार होऊन किमान चार जण मेले. त्या वर्षी १००, २०१८ मध्ये १७०, २०२५ मध्ये २०८. त्यावर हजेरी भत्ता १०, घरभाडं-प्रवास ७. मिळून २२५, आठवड्याचे ४८ तास भरून. दुसऱ्या वर्षापासून ज्येष्ठतेचे २ डॉलर सुरू होतात आणि वाढत ११ पर्यंत जातात. जादा कामाला दीडपट, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी दुप्पट. घरी पाठवण्याजोगी रक्कम खरं तर या जादा तासांतूनच निघते. त्यामुळे मागणी घटली की कामगार कपातीच्या कितीतरी आधी गावातल्या हप्त्याला खीळ बसते. तीन-चार जणींनी एक खोली घ्यायची, खाण्यावर काटकसर करायची. कारखान्यांत घाऊक बेशुद्ध पडण्याचे प्रकार झाले त्यांच्या कारणांत उष्णता, रसायनं, कोंदट हवा यांच्याबरोबर उपाशीपोटी जादा काम हेही होतं.

गरोदरपणात कागद आणि वास्तव सर्वात लांब जातात. १९९३ च्या राज्यघटनेचं कलम ४६ सांगतं, गरोदरपणामुळे नोकरी जाणार नाही. कलम ३६ तर घरकामाचं मोल बाहेरच्या कामाइतकंच मानतं. कामगार कायद्यात ९० दिवसांची रजा आहे. सलग वर्षभराची नोकरी असेल तर मालक निम्मं वेतन देतो. २०१८ पासून सामाजिक सुरक्षा निधी नऊ महिन्यांची वर्गणी असलेल्यांना ७० टक्के देतो, म्हणजे मिळून १२०. शिवाय प्रत्येक बाळामागे सरकारकडून ४ लाख रिएल. कामावर परतल्यावर पहिले दोन महिने हलकं काम, मूल वर्षाचं होईपर्यंत रोज एक तास पाजायला सुट्टी, आणि शंभरावर बायका असतील तिथे पाळणाघर. कागदावर काही कमी नाही. बिघडतं ते करारात. तीन किंवा सहा महिन्यांच्या मुदतीचे करार करायचे. पोट दिसायला लागलं की करार ‘संपतो’. काढून टाकलं असं कुठे लिहिलेलंच नसतं, तर दाद कशाविरुद्ध मागणार? म्हणून बायका गरोदरपण लपवतात, पहिली तपासणी पुढे ढकलतात. सल्ला द्यायची वेळ आली तर तो असा: सामाजिक सुरक्षेचं कार्ड आणि आधीच्या प्रत्येक कराराची प्रत स्वतःजवळ ठेवायची, तारखांसकट. लागोपाठच्या मुदतीच्या करारांची एकूण मुदत हाच पुढच्या वादातला पुरावा असतो.

आणि पाळणाघर? असलं तरी रिकामं असतं. उघड्या ट्रकमध्ये पन्नास जणींनी उभ्याने कारखाना गाठायचा, त्यात तीन महिन्यांचं मूल न्यायचं कसं? खोलीवर सांभाळायला कुणी नाही. मूल गावी आजीकडे जातं, डब्याच्या दुधावर. दूध पाजण्याच्या तासाच्या बदल्यात पैसे घेणं बायकांना परवडतं. माहेरचा टेकू तुटला नाही, पण शंभर-दीडशे किलोमीटर ताणला गेला. आजी आता मुलगी आणि जावयावर वचक ठेवू शकत नाही. नवरा दारू पिऊन येतो ती खोली भाड्याची, शेजार परका. थायलंडला गेलेल्या जोडप्यांचं याहून लांबचं. त्यांची मुलं आजीला ‘आई’ म्हणायला लागलेली असतात.

सगळंच बिघडलं असं मात्र नाही. बाळंतपण हे सर्वात स्पष्ट उदाहरण. पूर्वी गावची सुईण (‘छमाप’) आणि नंतर ‘आंग फ्लाँग’, म्हणजे बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे पेटवून काही दिवस शेकणं, होतं. भाजणं, अंगातलं पाणी कमी होणं आणि ताप ओळखूच न येणं हे त्याचे धोके. बंदी घालून काही साधलं नाही. गरम पेयं, उबदार खोली, अंगावर कपडे एवढं मान्य करून निखारे काढायला लावल्यावर साधलं. २००७ मध्ये सरकारने सुखरूप बाळंतपणामागे आरोग्य केंद्राला १५ आणि रुग्णालयाला १० डॉलर द्यायला सुरुवात केली, प्रशिक्षित सुईणी केंद्राकेंद्रात नेमल्या. संस्थेतल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५ मधल्या २२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ९८ वर गेलं, आणि माता-मृत्यू लाखामागे ४७२ वरून १५४ वर आले. इतकी उडी फार थोड्या देशांनी घेतली आहे.

शाळेतही मुली आता मागे नाहीत. पूर्वी मुलगा लांबच्या शाळेला जाताना पॅगोडात फुकट राहू शकायचा, मुलीला ती सोय नव्हती. म्हणून गळती माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर व्हायची. वसतिगृहं, सायकली आणि जवळच्या शाळा यांनी ते गणित बदललं. राजकारणात गती मंद आहे. २००२ च्या कम्यून निवडणुकांपासून बायका परिषदांत आल्या, २०२३ मध्ये खुओन सुदारी राष्ट्रीय सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पण पक्षाच्या यादीत नाव कितव्या क्रमांकावर टाकायचं हे ठरवणारे पुरुषच. आणि कापडाची जुनी म्हण नव्या वेषात येतेच: २०२० मध्ये इंटरनेटवर कपडे विकणाऱ्या बायकांच्या अंगप्रदर्शनाविरुद्ध पंतप्रधानांनी फर्मान काढलं आणि एका विक्रेतीला शिक्षाही झाली.

हे सगळं ख्मेर बहुसंख्याकांचं. मुस्लिम चाम आणि ईशान्येकडचे डोंगरी समाज वेगळे. जराय लोकांत तर कूळच आईकडून चालतं. त्यांना याच साच्यात बसवू नये.

तिथे पाहणी किंवा प्रकल्प करायला जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. ‘घरप्रमुख कोण?’ असा प्रश्न टाकला की हयात नवऱ्याचं नाव येतं, मग घर तिच्या जमिनीवर असो आणि तो वर्षभर थायलंडमध्ये असो. त्याऐवजी चार प्रश्न विचारा: घर कुणाच्या आईबापांच्या जागेवर आहे, गेल्या महिन्यातली सर्वात मोठी खरेदी कुणी ठरवली, कर्जाच्या कागदावर कुणाचे अंगठे आहेत आणि जमिनीचा दाखला सध्या कुठे ठेवलाय. चौथ्याचं उत्तर ‘संस्थेकडे’ असं आलं तर तारण आहे, ‘सावकारीणबाईकडे’ आलं तर खासगी कर्जही आहे, आणि ते आधीच्या तीन उत्तरांत आलेलं नसतं. समोरच्या बाईला वयाप्रमाणे ‘बाँग’, ‘मिंग’ किंवा ‘येय’ म्हणायचं, म्हणजे ताई, मावशी, आजी. नुसत्या नावाने हाक मारू नये. बाजारातल्या बाईशी सकाळी बोलायला जाऊ नका, ती तिच्या धंद्याची वेळ. कारखान्यातली मुलगी रविवारी भेटते, तेही जादा काम नसेल तर. गावातली भेट ख्मेर नववर्ष आणि प्चुम बेन या दोन सणांच्या आसपास ठरवली तर आई, मुलगी आणि आजीकडे वाढणारं मूल तिघंही एकाच ओट्यावर सापडतात. पण पैशाचे प्रश्न आईला आणि मुलीला वेगवेगळं बसवूनच विचारावेत. मुलीने किती पाठवले आणि आईला किती मिळाले हे आकडे एकत्र बसल्यावर नेहमी जुळतात, वेगळं विचारलं की जुळत नाहीत.